त्रेसष्ट चांदण्या

दि. ९ नोव्हेंबर

तीर्थरूप दादा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहेत. वहिनीचे गुडघे कसे आहेत? हिने तेल दिलं आहे, ते पुस्तकाबरोबर पाठवतो.

हो, पुस्तक. तीन पत्रांत विचारलंस, "पोरीचं पुस्तक अजून का नाही आलं?" बांधणी ओली आहे, असं मी कळवत राहिलो. बांधणी केव्हाच वाळली. त्याचं पुढे सांगतो.

तिने एकाच क्रियापदावर एकशे ऐंशी पानं लिहिली आहेत. हजारो वर्षांपूर्वी कुठल्याशा लोकांच्या तोंडी *भेर् असा एक धातू असणार, अर्थ वाहून नेणं. आपलं भरणं त्याचंच, भार त्याचाच, तू डोक्यावरून आणायचास तो गवताचा भाराही त्याचाच. इंग्रजांकडे ओझं वाहायला आणि मूल जन्माला घालायला एकच क्रियापद आहे, तेही याच घरातलं. गोणपाटाला आपण बारदान म्हणतो ना, त्यातला बार फारसीतून आला, म्हणजे तोही लांबचा चुलतभाऊच. वाचताना कुणी आपल्याच कुळाची वंशावळ हातात ठेवल्यासारखं वाटलं. एका खोलीच्या शाळेत शिकलेल्या माणसाची ही मुलगी, दादा! दिसेल त्याला थांबवून मी पानं दाखवत होतो. आमच्या छापखान्याचे मालक म्हणाले, "काका, आता मशीन तेवढं राहिलंय. त्यालाही दाखवा."

छपाईआधीचं शेवटचं मुद्रित मीच तपासलं. ती परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेली होती. जाताना म्हणाली, "शेवटचा हात बाबांचा." त्यात या जुन्या धातूंच्या आधी प्रत्येक ठिकाणी एक चांदणी (*) होती. आमच्या कामात चांदणी म्हणजे पानाच्या तळाशी टीप. तळाशी पाहावं तर टीप नाही. मला वाटलं, पोर टिपा लिहायला विसरली, आता लोक हसतील. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना म्हटलं, "काढा."

"सगळ्या? त्रेसष्ट आहेत, काका."

"सगळ्या. चांदण्या आभाळातच बऱ्या."

तीनशे प्रती छापून, बांधून झाल्या. ती परत आली, वरची प्रत उघडली आणि उभी होती ती खुर्चीत बसली. आवाज चढवला नाही. "बाबा, चांदणी म्हणजे हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही. लेकरांच्या तोंडवळ्यावरून आम्ही आई ओळखली आहे. चांदणी काढली की मी तिला पाहिल्याचं सांगते, असं होतं. ते खोटं आहे."

ज्याला कुणी पाहिलं नाही, पण ज्याच्या खुणा जागोजागी आहेत, त्याला मी रोज सकाळी हात जोडतो. मला तरी ही चांदणी कळायला हवी होती.

गुरुवारी प्रकाशन होतं. तिच्या प्राध्यापकीचं ठरवणारी मंडळी पहिल्या रांगेत बसणार होती. परत आली त्याच दिवशी तिने शुद्धिपत्र लिहिलं, पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवायची चिठ्ठी. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्याकडे काहीच छापलं जात नाही, म्हणून तीही माझ्याच टेबलावर आली. पहिली ओळ होती, "लेखिकेच्या नजरचुकीमुळे पुढील त्रेसष्ट ठिकाणी चांदणी राहून गेली आहे."

मी तिच्याकडे पाहिलं.

"राहू द्या, बाबा. बत्तीस वर्षांत तुमच्या नावावर एक चूक नाही. मी नवी आहे, माझं खपून जाईल."

तिचं खपून गेलं नसतं, हे तिलाही माहीत होतं. मी लाल पेन उचललं. "लेखिकेच्या" खोडून तिथे "मुद्रितशोधकाच्या" लिहिलं आणि पुढे माझं पूर्ण नाव घातलं.

"हे छापू नका."

"कागदावर चूक दिसली, दुरुस्त केली. बत्तीस वर्षं दुसरं काय करतोय?"

तिने कागद दोनदा वाचला. मग खाली लिहिलं, "छापावे", आणि सही केली.

गुरुवारी मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला जागा धरली होती. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी, ज्यांना सगळं विद्यापीठ घाबरतं, पुस्तकाआधी ती चिठ्ठीच वाचली. "हे कोण?" पोरीने सगळ्यांदेखत बोट दाखवलं. "माझे बाबा. मला वाचायला यांनी शिकवलं." खांबाआडून बाहेर येऊन मी उभा राहिलो, दादा. मान खाली घालावीशी वाटलीच नाही.

नोकरीचं पुढच्या महिन्यात ठरेल. जे होईल ते तिच्या खऱ्या पुस्तकावर होईल, एवढं पुरे.

तू गावभर सांगत असतोस, आमच्या धाकट्याच्या हातून चूक सुटत नाही. आता सांगू नकोस. किंवा सांग, पण हेही सांग. हजारभर पुस्तकं माझ्या हाताखालून गेली, एकातही माझं नाव आलं नाही. ते आलं ते लेकीच्या पुस्तकात. प्रत सोबत पाठवली आहे. आधी पहिलं पान उघड.

तुझा धाकटा
(नाव शुद्धिपत्रात छापलं आहे)