पाहुण्याला गाव दाखव

२ एप्रिल
डोळे चुरचुरतायत. दिवसभर पडद्यावर बास्केटबॉलची पोरं बघतोय — आपापलं कॉलेज सोडून दुसरीकडे खेळायला निघालेली. बास्केट किती टाकतो ते कुणीही मोजेल. मी बघतो, खेळातून बाहेर काढल्यावर बाकावर कसा बसतो. जॅरेट म्हणून एक सापडला. बाहेर आला, आधी शेजारच्याला पाणी दिलं, मग स्वतः प्यायला. होलिसला दाखवला. होलिस आमचा मुख्य कोच, मी त्याचा सहायक; पण वयानं तो माझ्या मुलाएवढा. म्हणाला, "बोलाव त्याला."

शिष्यवृत्तीच्या जागा भरलेल्या आहेत. एक आत, तर एक बाहेर. कोण, ते मी विचारलं नाही. भित्रा मेला.

५ एप्रिल
वेंडेल. माझा वेंडेल! मीच आणला होता त्याला. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात, तिनं वाढलेलं चिकन खात म्हणालो होतो, "पदवी घेतल्याशिवाय परत पाठवणार नाही." आता एकच वर्ष राहिलंय. शिष्यवृत्ती गेली तर फी भरणं तिच्या आवाक्यातलं नाही.

होलिस म्हणाला, "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोरगा हललाय का जागचा? अन्नछत्र उघडलंय का आपण?" वर ताकीद — जॅरेटचं ठरेपर्यंत वेंडेलला कळता कामा नये.

७ एप्रिल
वेंडेल जिन्यात भेटला. "कोच, गुडघा आता अजिबात दुखत नाही." मी घड्याळ बघितलं.

१० एप्रिल
कॉलेज बघायला येणारा खेळाडू संघातल्याच एकाच्या हवाली करायची रीत आहे. होलिसनं नेमकं वेंडेलला नेमलं. "त्याच्यासारखं गोड बोलणारं कोण आहे?"

वेंडेल हरखला. "मलाच का, कोच?" म्हटलं, तूच बरा. जीभ कशी झडली नाही माझी.

१२ एप्रिल
वेंडेलनं जॅरेटला चौकातल्या खानावळीत नेलं, पावाबाहेर लोंबणारं तळलेलं डुकराचं मांस खाऊ घातलं, आपल्या पलंगावर झोपवलं, स्वतः खाली झोपला. निघताना जॅरेट म्हणाला, "आणखीही कॉलेजं बघितली, कोच. पण असली पोरं असतील तर मी इथंच येणार."

वेंडेल हसून म्हणाला, "ये रे. पळवून पळवून दमवतो तुला."

मीही हसलो.

१५ एप्रिल
जॅरेटनं सही केली. वेंडेलला सांगायचं माझ्या गळ्यात. होलिस म्हणाला, "तूच आणलास ना, तूच निस्तर."

सांगितलं. त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "जॅरेटनं विचारलं होतं, इथं भरवसा कुणावर ठेवू? मी तुमचं नाव सांगितलं."

त्याच्या आईला फोन मीच केला. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी पोटभर जेवला होतात ना?"

गाडीत बसून रडलो. आता रडून काय उपयोग.

२३ एप्रिल
होलिसचा फोन. उद्या ओहायोहून एक तरुण सहायक कोच कॉलेज बघायला येतोय. "जरा गाव दाखव त्याला. चांगलं खाऊ घाल. तुझ्यासारखं गोड बोलणारं कोण आहे?"