कुलूपवाल्याचा मुलगा

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर द्यायला हवं होतं, पण लिहायला हात धजेना. तुला उडत उडत कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आपला ढब्बू निरीक्षणगृहात आहे. शाळेतल्या दोन मित्रांनी पैज लावली आणि आमच्या या साहेबांनी चौकातल्या मोबाइलच्या दुकानाचं कुलूप तारेनं उघडून दाखवलं. ते दोघं आत शिरून फोन घेऊन पळाले. हा बाहेरच उभा, उघडलेलं कुलूप हातात धरून. पकडायला आले त्यांनाही आधी ते कुलूपच दाखवत होता म्हणे. सुट्टीत दुकानात बसवून मीच त्याला शिकवलं. एवढं अवघड कुलूप पोरानं उघडलं याचं क्षणभर कौतुक वाटलं, आणि मग त्या कौतुकाचीच लाज वाटली.

मुलांच्या कोर्टातल्या बाई भल्या होत्या. पहिलीच चूक आहे, वडिलांनी हमी द्यावी आणि घरी न्यावं, असं म्हणाल्या. त्या दोघांचे बाप सह्या करून पोरांना घेऊन गेले. मी सांगितलं, याला राहू दे इथे, जरा अद्दल घडू दे. बाईंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. ताई, माझा धंदा विश्वासाचा. लोक घराची किल्ली माझ्या हातात देऊन निर्धास्त निघून जातात. हा दुसऱ्या दिवशी दुकानात बसलेला दिसला असता, तर कोण फिरकलं असतं माझ्याकडे? ढब्बूची आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, जेवायला वाढते तेवढंच. पुढच्या तारखेला आणेनच त्याला. तू जिवाला लावून घेऊ नकोस, आणि या भावावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मशीनवर बसले आणि गणवेशाच्या बाह्या उलट्या लावून ठेवल्या. आता उसवत बसलेय, तुझ्या नावानं बोटं मोडत.

अरे गाढवा, ढब्बू चुकला हे खरंच. समोर असता तर मीही कान पिळला असता. पण ज्यांनी फोन पळवले ते आपापल्या घरी जेवतायत, आणि ज्यानं कशाला हात लावला नाही तो आत. हा कुठला न्याय? तू शेजारच्यांच्या खिडकीची काच फोडलीस तेव्हा बाबांनी तुला बदड बदड बदडलं होतं, पण झोपवलं आपल्याच अंथरुणात. मार तू विसरलाससुद्धा. बाबांनी तुला घराबाहेर ठेवलं असतं तर ते विसरला असतास का, याचा विचार कर.

तारखेची वाट बघू नकोस. उद्या दुकान बंद ठेव, अर्ज दे आणि त्याला घेऊन ये. भावजयीला सांग, मी तिच्या बाजूची आहे. रागानं लिहिलं तरी आशीर्वाद खरेच आहेत.

तुझी ताई


ता. ४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. कारण सांगायचीही लाज वाटते. दुकान जोरात चाललं होतं. लोक मुद्दाम थांबून म्हणायचे, बाप असावा तर असा, पोटच्या पोराला पाठीशी घातलं नाही. माझी छाती फुगायची, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? भेटीच्या दिवशी गेलो की ढब्बू अगदी नीट बोलायचा. जेवण बरं आहे, सुतारकाम शिकवतात, आईचे गुडघे कसे आहेत. एरवी उलट उत्तरं देणारं पोर. मला वाटलं, सुधारला.

काल तारीख होती. त्याच्या आईनं नवा शर्ट आणला होता, घरी येताना घालायला. बाईंनी त्याला विचारलं की वडील न्यायला आलेत, जाशील ना. त्यानं त्यांच्याकडे सरळ बघून सांगितलं की घरी नको, माझ्यामुळे बाबांच्या दुकानाला त्रास होईल. आत्या ठेवून घेत असेल तर तिच्याकडे जातो, नाहीतर इथंच बरं आहे. रागानं बोलला असता तर मी तिथल्या तिथे त्याचे पाय धरले असते. राग नव्हताच गं. बाहेर बाकावर त्याची आई त्या शर्टाची घडी मोडत होती आणि पुन्हा घालत होती. मी सगळ्यांदेखत रडलो.

ताई, ठेवून घेशील त्याला? बाईंना तुझी संमती हवी आहे. माझं चुकलं, फार चुकलं. तुझ्या मायेतला माझा वाटाही आता त्यालाच दे.

तुझा धाकटा


ता. २० जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ढब्बू खुशाल आहे. शाळेला जातो, संध्याकाळी मला बटणं लावू लागतो, आणि दोघांचं जेवण एकटा संपवतो. निदान त्या बाबतीत तरी तुझ्यावर गेलाय. तो तुझी आठवण काढतो का, असं तू प्रत्येक पत्रात विचारतोस आणि मी टाळते. आज परवाचं सांगते, मग तूच ठरव.

माझ्या कपाटाच्या कुलपात किल्ली तुटली. गणवेश आत, आणि शाळेचा शिपाई ते न्यायला दारात उभा. घरातच कारागीर आहे म्हणून मी बिनघोर ढब्बूला हाक मारली. त्यानं कुलूप पाहिलं, पण हात पाठीमागेच ठेवले. मला यातलं काही येत नाही म्हणाला आणि कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला घेऊन आला. तो नवशिका निघाला. नुसता चाचपडत होता. त्याचं कुठे चुकतंय ते ढब्बूला कळत होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तो भिंतीला टेकून नुसता बघत राहिला. शेवटी त्या माणसानं कुलूप तोडलं.

सगळे गेल्यावर मी त्याला जवळ बसवलं. म्हटलं, अरे, तुला येतं की, बाबांनी शिकवलंय तुला. तो बटणं निवडू लागला. मग म्हणाला, बाबांनी मला कधीच काही शिकवलं नाही, मी कोर्टातही पहिल्या दिवशीच तसं सांगितलंय. कुणी विचारलं तर आत्या तूही तेच सांग, त्यांच्या दुकानाचं नाव खराब व्हायला नको.

आशीर्वाद,
तुझी ताई