संकष्टीचा रविवार

गार्डन रीच, कलकत्ता
सोमवार, ४ मार्च १९७४

तीर्थस्वरूप सौ. शकुनताईस,
धाकट्या सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

तुझं आणि दाजींचं पत्र गुरुवारी मिळालं. प्रमोदचा ताप उतरला आहे. जखम सुकते आहे, महिन्याभरात कुबड्या देऊ असं डॉक्टर म्हणाले. तुझी भावजय सरोज रोज दुपारी त्याला भात-वरण घेऊन जाते. तू पुढच्या आठवड्यात निघते आहेस असं लिहिलंस. निघण्याआधी हे पत्र पूर्ण वाच, आणि दाजींनाही वाचून दाखव.

अपघात झाला त्या रविवारी सकाळी मी पूजा आटोपली, पाच किलो बटाटे उकडले, सोलले, आलं-मिरची वाटली. प्रमोद आंघोळ करून देवाच्या पाया पडला आणि काही न खाता माझ्याबरोबर निघाला. सियालदाहून बराकपूरची लोकल धरली. स्टोव्ह माझ्या पायाशी, भाजीचं पातेलं त्याच्या मांडीवर. म्हणाला, "मामा, हा वास मांडीवर देतोस आणि वर उपास सांगतोस." आम्ही दोघंही हसलो.

माझ्या टपरीविषयी तुला मी कधी नीट लिहिलं नाही. आठवडाभर मी ऑफिसच्या कँटीनमध्ये असतो हे तुला माहीत आहे. पण गेले तीन हिवाळे, बराकपूरच्या पुढे एका पडीक मैदानात हौशी मुलांच्या मोटारसायकलींच्या शर्यती होतात, तिथे रविवारी मी वडे आणि चहा विकतो. मातीचे उंचवटे केलेले असतात, त्यांवरून गाड्या उडतात. धूळ इतकी, की कढईवर सारखं झाकण ठेवावं लागतं. बंगाली पोरं माझ्या वड्याला 'मराठी चॉप' म्हणतात. टपरीच्या खांबाला मी गणपतीची तसबीर लावली आहे. शर्यतीआधी पोरं येऊन अंगारा लावून घेतात, त्यांत ख्रिश्चन आहेत, एक सरदारजीही आहे. मला ते फार आवडायचं. देव मनातल्या मनात स्मरावा असं आपल्या शाळेतले गुरुजी सांगायचे. मी त्याला खांबावर टांगला, आणि त्याच्याबरोबर थोडा मीही मोठा झालो.

प्रमोदला मैदानावर मीच नेला. बँकेतून आल्यावर खोलीत एकटा बसायचा, म्हणून म्हटलं चल माझ्या मदतीला. महिन्याभरात तो टपरीतून शर्यतीच्या गाडीवर गेला. तीनदा हरला. तेव्हा मी त्याला म्हटलं, पाच संकष्ट्या कडक कर, चंद्र बघेपर्यंत पाणीसुद्धा घेऊ नकोस. त्याला ते फारसं पटलं नव्हतं. माझ्या शब्दासाठी त्याने धरलं. ही दुसरी संकष्टी होती.

ताई, इथपर्यंत मी चार वेळा लिहून फाडलं आहे.

दुपारी दोनला शेवटच्या फेरीआधी तो टपरीवर आला. ओठ पांढरे पडले होते. खांबाला धरून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मामा, डोळ्यांपुढे अंधारी येते आहे. घोटभर सरबत दे." सरबताचा पेला भरलेला होता, माझ्या हाताशी. समोर सात-आठ पोरं उभी होती. त्यांना मी सकाळपासून सांगत होतो की बघा, माझा भाचा निर्जळी उपासावर जिंकतो की नाही. मी पेला बाजूला सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या घरात चंद्र पाहिल्याशिवाय कोणी पाणी पीत नाही." तो हसला. म्हणाला, "तुझा चंद्र बराकपूरला फार उशिरा येतो रे." मग त्याने डोकं पुढे केलं. मी अंगारा लावला.

दुसऱ्या उंचवट्यावर त्याचे हात दांड्यावरून सुटलेले मी पाहिले. गाडी नंतर पडली, ताई. आधी तो पडला. मग गाडी त्याच्या पायावर आली.

क्लबचे सेक्रेटरी धावत आले. सर्वांत जवळ मी होतो, म्हणून मलाच विचारलं की काय झालं. माझ्या तोंडून निघालं, ब्रेक लागला नाही. कुठून आलं मला माहीत नाही. पण संध्याकाळी पोलिसांनी तेच लिहून घेतलं तेव्हा मी शुद्धीवर होतो, आणि सही केली. तुम्हालाही तेच कळवलं. त्यावर दाजींनी इथल्या ठाण्याला पत्र घातलं, मेकॅनिकला सोडू नका म्हणून.

तो मेकॅनिक म्हणजे श्यामसुंदर दास. पाचेक वर्षं क्लबच्या गाड्या तोच बघत होता. क्लबने त्याला काढलं. दुसऱ्या गॅरेजवालेही दारात उभं करत नाहीत. रोज ठाण्यावर हजेरी. या आठवड्यात कागद कोर्टात जाणार होते. परवा तो इस्पितळात आला, प्रमोदसाठी दोन संत्री घेऊन. प्रमोदने तोंड फिरवलं. त्याला त्या दिवसाचं काही आठवत नाही. मी सांगितलं तेच तो खरं मानत होता. बाहेर व्हरांड्यात श्यामसुंदर मला म्हणाला, "दादा, ब्रेक हम खुद देखा था. आप तो सामने खड़ा था." भांडला नाही. उत्तराची वाट बघत राहिला. मी जपमाळेचा हात खिशात घातला.

घरी आल्यावर सरोजला सगळं सांगितलं. मी म्हटलं, देवाची इच्छा. तेव्हा म्हणाली, "देवाला यात ओढू नका. पेला तुम्ही सरकवलात."

काल प्रमोदला सांगितलं. मी बोलत असताना तो छताकडे बघत होता. शेवटी एवढंच विचारलं, "सरबत भरलेलं होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. सरोजने भरवलं तेव्हा जेवला.

तू माझ्याकडे धडधाकट मुलगा पाठवलास. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही; मागायला काही आधार हवा, तो माझ्याकडे नाही. जपाला बसतो, पण नाम ओठांवर येत नाही. तू आलीस की माझ्या घरी उतरावंस असं म्हणण्याचं धाडस होत नाही. इस्पितळाजवळ, बालीगंजला लीनाताई म्हणून आपल्या ओळखीच्या आहेत, त्यांच्याकडे तुझी सोय सांगून ठेवली आहे. दाजींनी मला काय वाटेल ते लिहावं. फक्त श्यामसुंदरविरुद्ध आता काही लिहू नये.

आज सकाळी अकराला मी ठाण्यात गेलो. माझा पहिला जबाब खोटा होता, ब्रेक ठीक होता, मुलगा माझ्या सांगण्यावरून दिवसभर पाण्याशिवाय होता आणि त्याने मागितलेलं पाणी मी दिलं नाही, असं लिहून दिलं. माझ्यावर काय होईल ते पोलीस नंतर कळवतील. श्यामसुंदर बाहेर बाकावर हजेरीसाठी बसला होता. त्याला आत बोलावून घेतलं, त्याच्यासमोर कागद वाचून दाखवला, आणि खाली सही केली.

तुझ्या मुलाला पाणी नाकारणारा,
सदाशिव