वलांडीवरच्या चार जोड्या

नवीन पनवेल,
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. दिपिका हिला आईचा आशीर्वाद.

तो तू घेशील की तसाच परत पाठवशील, मला ठाऊक नाही. तरी पाठवते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. जीवनची तळोज्याला या आठवड्यात दुसरी पाळी आहे. सून कोमल घरीच शिवणकाम करते. माझी साखर जरा वाढली आहे आणि गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. तुमच्याकडेही सगळे बरे असतील असं पुढे लिहायची रीत आहे, पण तुमचं बरं चाललंय हे मला आता माहीत आहे. ते कसं, ते सांगते. आणखीही एक गोष्ट सांगायची आहे, ती सहा वर्षं माझ्या तोंडातून निघाली नाही. जीवनच्या फोनवरून दोनदा तुझा नंबर लावला, तू हॅलो म्हणालीस की बंद केला. म्हणून कागद घेतला आहे. माझं अक्षर तुला माहीत आहे, सातवीचं. मध्येच ठेवून देऊ नकोस, एवढंच मागते.

परवा रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल होती. चौल, रेवदंडा आणि समुद्र, एका दिवसात परत. एसीची मोठी बस, चौतीस म्हातारे, आणि माहिती सांगायला सुनीताबाई. या इतिहासाच्या बाई, आता निवृत्त झाल्या आहेत, पण अजून आम्ही त्यांना पाचवीतलेच वाटतो. पेण येईपर्यंत त्यांनी माईकवरून तीनदा बजावलं की दिलेल्या वेळेला जो परत येणार नाही त्याला सोडून बस निघेल. माझ्या शेजारी कमळाबाई होती, गव्हाणची. तिने वडखळच्या आधीच डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुकट काढली. बंद बसमध्ये सुकट. पुढच्या सीटवरचे एक निवृत्त बँकवाले नाकाला रुमाल लावून बसले, तर तिने त्यांनाच आधी घास विचारला. दहा मिनिटांनी तेच मागे वळून आणखी आहे का म्हणत होते.

जीवनला मी सांगितलं होतं, जुने किल्ले बघायची हौस आहे. तो हसला नाही. त्याने फक्त संघाचा कागद हातात घेऊन रेवदंडा या नावावर बोट ठेवलं आणि मग नाव नोंदवायला गेला. पोरगा तुझ्या बाबांसारखाच, कळलं तरी बोलणार नाही.

रेवदंड्याला पडक्या कोटात आम्हाला फिरवलं. नारळीच्या वाड्यांमध्ये मोठमोठ्या भिंती उभ्या आहेत, दारं आहेत, कमानी आहेत, वर छप्पर नाही. सुनीताबाई सांगत होत्या की चौलला फार पूर्वी लांबलांबच्या देशांतली गलबतं लागायची, मग फिरंगी आले, त्यांनी देवळं बांधली, मनोरा बांधला. सगळे मान वर करून बघत होते. कमळाबाई मला हळूच म्हणाली, "आमची मिठागरं बुजवली तवा तिथं कोन माईक घेऊन नाय आला." मला हसू आलं. पण माझं लक्ष नव्हतं गं. भिंतीच्या भगदाडातून समुद्र दिसत होता आणि उजव्या अंगाला, किनाऱ्यावर लांब, बांबू रोवलेले दिसत होते. मला कुणी सांगायला नको की ती वलांडी होती, बोंबील सुकवायची. मी सुनीताबाईंना म्हटलं, जरा पाय धुऊन येते. त्या म्हणाल्या, पंधरा मिनिटं. मी चप्पल हातात घेतली आणि तुझ्या थेरोंड्याच्या दिशेने चालायला लागले.

हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्या दारापर्यंत यायचं माझ्या मनात नव्हतं. लांबून तुमचा कोळीवाडा बघायचा, एवढंच ठरवलं होतं.

पहिल्या दोन वलांड्या मी ओलांडल्या. सगळीकडे लावतात तसेच बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडी केलेली आणि दोरीवर टाकलेली. तिसऱ्या वलांडीशी माझे पाय थांबले. सगळ्या जोड्या उलट्या. डाव्या हाताने अडकवलेल्या. करंज्यापासून मुंबईपर्यंत अशा जोड्या मी एकाच माणसाच्या हातच्या बघितल्या आहेत.

त्या हातावर मी किती मारलं, ते मला आठवतं. सात वर्षांची होतीस. उजव्यानं लाव म्हणून मी तुझा डावा हात ओढणीने पाठीशी बांधला होता. तू रडत रडत एकाच हाताने बोंबील दोरीवर टाकायला बघत होतीस. तुझे बाबा होडीवरून उतरले, त्यांनी गाठ सोडली आणि मला म्हणाले, "डावरी हाय ती. डावरीच राहू दे." उलटं लावलेलं नीट सुकत नाही, असं मी अख्ख्या आळीत सांगत फिरायचे. सुकतं गं. परवा मी हात लावून बघितलं. छान खडखडीत सुकलं होतं.

एका दोरीवर कावळ्यांनी दंगा केला होता, चार जोड्या खाली वाळूत पडल्या होत्या. मी काही विचार केला नाही. खाली पडलेली मासळी कोळणीला बघवते का? उचलली, पदराने झटकली आणि लावून टाकली. चौथी जोडी लावून झाली तोवर मागून आवाज आला.

"आजी, उलटे लावलेत तुमी."

वळून बघितलं तर अकराएक वर्षांची पोर, हातात कावळे हाकायची काठी. कपाळ तुझ्या बाबांचं. नाव विचारायची गरजच नव्हती, तरी विचारलं. प्रांजल म्हणाली. मग तिने बाजूच्या दोरीवरची एक जोडी सोडवली आणि मला शिकवलं. ती उजवी आहे दिपिका, काठी उजव्या हातात होती, पण बोंबील लावताना तिने डावा हात पुढे केला. म्हणाली, "आमच्यात असे लावतात." मी तिच्यासमोर दोनदा लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ती खूप हसली. मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मम्मी मासळी घेऊन रेवदंड्याच्या बाजाराला गेली आहे आणि पप्पा होडीवर आहेत, हेही सांगितलं.

मग तिने विचारलं की मी कुठली. मी करंजा म्हणाले. पनवेल म्हणायला हवं होतं, पण तोंडातून करंजाच गेलं.

"माज्या मम्मीचं म्हायेर करंजा हाय," ती म्हणाली. "तिकडं माजी आजी हाय. पन ती येत नाय."

मी विचारलं, का येत नाय?

"तिला आमचा पत्ता म्हाईत नाय. मम्मी बोलते, कळला का येईल."

दिपिका, हे तू तिला सांगितलंस? मी तेरा वर्षांत तुझं नाव घरात काढू दिलं नाही. खलाशाबरोबर गेली, ठरलेला साखरपुडा मोडून गेली, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. आणि तू पोरीच्या मनात माझ्यासाठी एवढी जागा ठेवलीस. मला वाटत होतं, तू मला शिव्या देत असशील. तेच बरं वाटलं असतं.

तेवढ्यात लांबून, डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन कोणीतरी येताना दिसलं. चालीवरून ओळखलं. आणि मी काय केलं असेल? पळाले. एकाहत्तर वर्षांची बाई, हातात चप्पल, गुडघा दुखत असताना वाळूतून पळाले. मागे वळून बघितलं नाही. तू मला बघितलंस की नाही, ते मला माहीत नाही.

बसपाशी आले तर पंधराच्या जागी पंचावन्न मिनिटं झाली होती. कमळाबाई बसच्या पायरीवर मांडी घालून बसली होती आणि ड्रायव्हरला सांगत होती की गुणाबाई आल्याशिवाय बस हलवायची असेल तर माझ्यावरून हलव. सुनीताबाईंना ओरडायचं होतं, पण माझं तोंड बघून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा कार्यक्रम होता, तो माझ्यामुळे आवरता घ्यावा लागला. कमळाबाईने पेणपर्यंत माझा हात धरून ठेवला आणि एकदाही काय झालं म्हणून विचारलं नाही.

काल सोमवारी तू जीवनला फोन केलास. आई बरी आहे ना, एवढंच विचारलंस म्हणे. तेव्हा कळलं की तू त्या चार जोड्या बघितल्यास. त्या दोरीवर उजव्या हाताच्या जोड्या दुसरं कोण लावणार?

आता ती गोष्ट.

तुझे बाबा गेले त्याच्या दहाव्याला तू करंज्याला आली होतीस. तुला आदल्या दिवशी कळवलं, तेही जीवनने माझ्या चोरून. कुंदन आणि त्याचं बोट धरलेली पोर पालथ्या होडीमागे उभे होते. आत ये असं तुला कोणी म्हटलं नाही, कारण मी म्हटलं नाही. तू माझ्यापाशी येऊन एकच विचारलंस, "बाबानं माजं नाव काडलं व्हतं का?" आणि मी नाय म्हणाले.

ते खोटं होतं.

हॉस्पिटलात ते चार दिवस होते. अर्धं अंग गेलं होतं, बोलणं जड झालं होतं, पण शुद्धीत होते. पहिल्या दिवशी दुपारी म्हणाले, "डावरीला बोलव." मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, मी पुन्हा उद्या म्हटलं. तिसऱ्या दिवशी जीभ हलत नव्हती. त्यांनी माझा डावा हात धरला, उजवा सोडून मुद्दाम डावा, आणि दाबत राहिले. मला सगळं समजत होतं. तरी मी तुला बोलावलं नाही. का, ते खरं सांगते. त्यांनी तुला जवळ घेतलं असतं तर जगात रागावलेली मी एकटीच उरले असते. तेवढ्यासाठी मी त्या माणसाची शेवटची इच्छा उद्यावर टाकत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. तासभर सगळे उन्हात उभे. जीवन म्हणाला, होडी विकणार नाही. तुझे काका म्हणाले, गुणावैनीला सांभाळू. कावळे झाडावर बसून बघत होते. मला माहीत होतं ते कशासाठी अडलेत. मी पदर तोंडावर घेऊन मनात म्हटलं, डावरीला सांगेन, तुमी बोलावली व्हती म्हणून सांगेन. पदर काढायच्या आत कावळा उतरला. लोकांना वाटलं होडीमुळे शिवला. त्यानंतर घटकाभरात तू आलीस, विचारलंस, आणि तोंडातून नाय गेलं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मी तिथल्या तिथे मोडला. होडी पुढे विकावीच लागली, त्याचं मला काही वाटलं नाही. या शब्दाचं वाटत राहिलं.

तुझ्या बाबांनी तुझं नाव काढलं होतं. जीभ चालत होती ते दोन दिवस दुसऱ्या कोणाचं काढलं नाही. सहा वर्षं तू वेगळंच समजून जगलीस, ते माझ्यामुळे. याला माफी मागायची तर कुठल्या तोंडाने, म्हणून मागत नाही. मला आज हे तुझ्या हातात द्यायचं होतं. तुझंच होतं, मी दाबून ठेवलं होतं.

येत्या रविवारी मी एसटीने येणार आहे. या वेळी माईक नाही, कमळाबाईसुद्धा नाही. तिसऱ्या वलांडीपाशी उभी राहीन. दारात येण्याचा हक्क मी सांगत नाही. तुला बोलवावंसं वाटलं तर बोलव, नाहीतर कावळे हाकीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. पळणार मात्र नाही.

कुंदनला सांग. नाही, तसं नको. कुंदनरावांना माझा नमस्कार सांग.

आणि प्रांजलला खोट्यात ठेवू नकोस. मी एक खोटं बोलले, त्याचं काय झालं ते तू बघितलंसच. तुझा पत्ता जीवनच्या वहीत होता, आठ वर्षं मला पाठ होता. तिला सांग, आजीला पत्ता माहीत होता, पाय उचलत नव्हते. पाकिटावर बघ, तो मी स्वतः लिहिला आहे. डाव्या हाताने. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, पण पोस्टमनला लागेल.

तुझी,
तुला उद्यावर टाकणारी,
आई