गोदाची कात

९ ऑक्टोबर
ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. गोदाचं मात्र मी भलतंच करून ठेवलं.
सकाळी चिरनेरहून नणंद आल्या, कुसुमताई. आल्या त्या थेट ह्यांच्या टॅरंटुलाच्या, गोदाच्या काचपेटीपाशी. "वयनी, दादाची कोळीण मेली. उतानी पडलीय. पान वाढायच्या आदी बाहेर काढा, घरात मेलेलं नाय चालत."
गुरुजी यायला अर्धा तास. विचार न करता उलथनं घेतलं, तिला सरळ केलं. डब्यात घेणार तोच पाय हलले.
पानं उठल्यावर रिझवानला फोन. बाजारात पाळीव प्राणी विकतो, ह्यांना गोदा त्यानेच दिली होती. म्हणाला, "या अल्ला. भाभी, मेली नव्हती ती. कात टाकत होती. तेव्हा त्या उताण्याच पडतात. भाईंनी कधी बोलले नाय?"
बोलले असतील. मी पोळ्या लाटत असेन.

१० ऑक्टो.
रि. येऊन बघून गेला. डावीकडचे मागचे दोन पाय जुन्या कातीत अडकलेत. नवी कातडी अजून मऊ, ओढायचं नाही. कोमट पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब, बारीक ब्रशने कात ओली ठेवायची. दर तासाला.
"जगेल का?"
"आपण करायचं, भाभी. बाकी वरचा बघेल."
मला असली उत्तरं आवडत नाहीत.

११ ऑक्टो.
एक पाय सुटला. दुसरा तिनेच तोडून टाकला. निळसर पाणी आलं. ते तिचं रक्त. रि.ने सांगितल्याप्रमाणे कॉर्नफ्लॉवर दाबलं. थांबलं.
पस्तीस वर्षं शाळेत प्रयोगशाळा सांभाळली, असं काही कधी हाताळलं नव्हतं.

१३ ऑक्टो.
पाय पोटाखाली मुडपायला लागलीय. हे वाईट लक्षण. बशीत पाणी घेऊन तिचं तोंड काठाला टेकवून ठेवलं, वीस मिनिटं. प्यायली की नाही, कळत नाही.
कु. ताईंचा फोन. "अजून त्या किड्यात हाय काय तुमी? दादा गेला तवा पन येवढ्या बसल्या नवत्या."
खरं आहे. बसायला मिळालंच नाही. त्या दुपारी हे झोपलेत समजून मी उठवलं नव्हतं. चहा दोनदा गरम केला. आणि हिला मेली समजून
पुढे लिहवत नाही.

१६ ऑक्टो.
पाय थोडे पसरले. पाणी पिते, नक्की. बशीतल्या पाण्याची पातळी खूण करून पाहिली.
दुपारभर पेटीजवळ खुर्ची टाकून होते. वरून विमानं जातात तेव्हा काच किंचित थरथरते आणि ती अंग चोरते. पेटी आतल्या खोलीत हलवली, ह्यांच्या पलंगाशेजारी. वर्षभरात त्या खोलीत मी झाडू मारण्यापुरतीच जात होते.

२१ ऑक्टो.
दातांचा रंग पांढऱ्याचा लाल झालाय. काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही, मऊ दात मोडतात. रि. म्हणतो, दात वाकडे वाळले असतील तर खाताच येणार नाही. मग फार तर महिना-दोन महिने.
हे त्याने आजच सांगितलं. आधी का नाही, विचारलं. "तुम्ही रडल्या असत्या, भाभी."
मी रडत नाही, असं त्याला सांगितलं. फोन ठेवल्यावर रडले.

२८ ऑक्टो.
दात काळे. उजवा सरळ. डावा मला तिरका वाटतो. चष्मा बदलून पाहिला, तरी वाटतो.
कु. ताई चार दिवस गावाला बोलावताहेत. येत नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं नाही त्यांनी, "बरं" म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा फोन: "खाल्लं काय तिनं?"

३० ऑक्टो.
रि.ने लहानातला लहान रातकिडा दिला, डोकं चिरडून. सकाळी दहाला चिमट्याने तिच्यापुढे ठेवला. बारापर्यंत काही नाही. मग पुढचा पाय उचलला, किड्यावर ठेवला. ओढून जवळ घेतला, अंगाखाली.
आता साडेबारा. वरून काही दिसत नाही. खातेय, की नुसती धरून बसलीय, ते तिला उचलल्याशिवाय कळणार नाही. हात लावणार नाही.