तीन चाकांची ट्रॉली

बोईसर,
१४ डिसेंबर

प्रिय नीलेश,

गोल्फची बॅग वाहायला तू पाठवलेली बॅटरीची ट्रॉली मी परत केली. ती खाली उतरवताना कुरियरवाला जे पुटपुटला ते इथे लिहीत नाही, पण मला ते पटलं. बॅटरीसकट अठरा किलोंचं ते धूड रोज रिक्षात चढवायचं कुणी? पुण्याहून तू येणार होतास? तीन वर्षांत तू बीपीचं मशीन पाठवलंस, पाय दाबायचं यंत्र पाठवलंस, तेलाशिवाय तळायची ती पेटी पाठवलीस. स्वतः मात्र एकदाही या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. सून असून हेतल बिचारी दर रविवारी फोन करते आणि तू मागून ओरडतोस, आईला विचार औषधं घेतली का. मी ऐकते ते. मला ऐकू येतं अजून.

त्याहून संताप आला तो तू गोल्फ क्लबच्या सेक्रेटरींना फोन केलास त्याचा. आईला एकटीला खेळू देऊ नका, असं सांगितलंस म्हणे. त्यांनी ते मला चार माणसांदेखत ऐकवलं, वर हसून. नीलेश, मी एकसष्ट वर्षांची आहे. शिरगावच्या आमच्या वाडीतून झावळ्यांचे भारे डोक्यावरून आणत मी मोठी झाले. पालघरच्या शाळेत बत्तीस वर्षं दांडगट मुलांना गणित शिकवलं. मी कुठे चालावं आणि कुणाबरोबर, हे तू ठरवायचं नाहीस.

बाबा गेले त्याच मैदानावर आई का जाते, असं तू हेतलला विचारलंस. मला विचारायचं होतंस. ते गेल्यावर पाचेक महिन्यांनी त्यांचं कपाट रिकामं करायला मी क्लबात गेले. तिथे हिना भेटली, कॉलनीतली, बाबांच्या बरोबर खेळायची ती. तिने माझ्या हातात काठी दिली. सात वेळा मी हवेतच फिरवली. आठव्यांदा चेंडूला लागली आणि असा आवाज झाला की माझ्या दातांपर्यंत पोचला. घरात मला भांडी आपटायचीही सोय नव्हती, शेजारचे लगेच धावत यायचे. इथे ठोकलं की लोक शाबास म्हणतात. म्हणून मी जाते.

आता ट्रॉलीचं. बॅग अकरा किलोंची होते, ती खांद्यावर घेऊन मी फिरत नाही, तेवढी अक्कल आहे मला. आजवर हिनाबरोबर जायचे, तिच्या ट्रॉलीवर माझ्याही चार काठ्या ठेवायचे. आता तिच्या नवऱ्याची बदली झाली, महिनाअखेर ते जाणार. म्हणून मी तीन आठवडे हाताने चालवायच्या ट्रॉलीच्या मागे होते. नावाजलेल्या कंपन्यांच्या नव्या गाड्यांच्या किमती वाचून मोबाइल पालथा ठेवला. दोन चाकांची स्वस्त मिळते, पण ती मागून ओढावी लागते. आपलं मैदान अर्धं वाळूचं, ती रुतते आणि एकाच खांद्याला हिसके बसतात. तीन चाकांची पुढे ढकलायची, कंबर सरळ राहते, दोन्ही हात कामाला येतात. सांगाडा ॲल्युमिनियमचा हवा, आपल्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. घडी घालून रिक्षाच्या सीटखाली नाही तर पायांशी मावली पाहिजे. दांडा माझ्या उंचीला खाली यायला हवा. आणि ब्रेक हवा, कारण सातव्या होलकडे उतार आहे. हे सगळं मी वहीत लिहून काढलं होतं. शेवटी हिनानेच तिची जुनी मला चार हजारांत दिली. फुकट देत होती, मी घेतली नाही.

परवा सकाळी ती पारखायला आम्ही मैदानावर गेलो. उतारावर मी ब्रेक लावून हात सोडला. गाडी जागची हलली नाही. तिथेच जमना गवत काढत होती. तिला तू ओळखत नाहीस. विक्रमगडकडची आहे, भात झोडून झालं की नवऱ्याबरोबर इकडे कामाला येते. तीन वर्षांपूर्वी सातव्या होलजवळ बाबा खांद्यावरची बॅग खाली ठेवून बॅगेवरच बसले, तेव्हा त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी पाजणारी तीच. आम्हाला फोन येईपर्यंत त्यांच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. तिने हात पुसले, ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, आणि मला म्हणाली,

"आता घेतलीस नं बाय? काका तवा अशीच गाडी मागत होता. बायको नाय बोलली, असा सांगत होता."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. पाऊस झाला म्हणावं तसं म्हणाली आणि पुन्हा गवताला लागली. हिना दुसरीकडे बघायला लागली. मला इतका राग आला की मी ती गाडी उतारावरून ढकलून देणार होते. जमनाचा नाही, तुझाही नाही.

त्या दिवाळीत बाबांनी तुला मोबाइलवर ट्रॉलीचं चित्र दाखवलं. तू हसलास, म्हणालास, म्हातारपणी बाबागाडी घेताय का. आम्ही सगळेच हसलो, बाबाही. मग ते गेले. तेराव्याला मी चहा गाळत होते तेव्हा तू मागे येऊन म्हणालास, "मी तसं बोललो नसतो तर त्यांनी घेतली असती." मी तुझ्याकडे वळले नाही. चहा गाळत राहिले. तू त्या रात्रीच्या गाडीने गेलास तो गेलासच.

तुझं बोलणं त्यांनी मनावर घेतलंच नव्हतं, नीलेश. त्या दिवाळीनंतर तू पुण्याला परतल्यावर आठ दिवसांनी त्यांनी गाडी ठरवली होती. हीच जात, तीन चाकांची. मला मोबाइलवर दुकानदाराचा नंबर दाखवून विचारलं, सांगू का पाठवायला. तेव्हा मी नव्या ओट्याखालच्या ट्रॉल्या बसवून घेत होते. मी म्हणाले, आधी माझ्या ट्रॉल्या होऊ देत. आणि एवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, बॅगेचं ओझं होत असेल तर घरी बसावं माणसाने. ते बरं म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. डॉक्टर म्हणाले होते की त्यांचं हृदय आधीच थकलं होतं, घरात जिना चढतानाही झालं असतं. असेल. पण तू स्वतःला दोष देत होतास आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तू माझ्याकडे कसं पाहिलं असतंस, या भीतीने मी तुला तीन वर्षं तसंच राहू दिलं, आणि वर येत नाहीस म्हणून तुझ्यावरच चिडत राहिले. हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर मी पुन्हा औषधांवर बोलून फोन ठेवला असता. म्हणून लिहिते आहे. त्यांना नाही म्हणाले ती मी. तुला जे बोलायचं ते मला बोल, पण यंत्रं पाठवून नको. इथे ये आणि माझ्यासमोर उभा राहून बोल.

तुझीच,
आई