पवार की पॉवर

१२ फेब्रु.
कॉलेजातून कुरुंद्याला पोचते तर ओट्यावर पाच-सात माणसं आणि मधोमध आबा, म्हणजे सासरे, दोन्ही हातांत मोबाइल धरून. आमच्या पुण्याच्या पुतण्याने, बंडूने, कुठल्याशा जुन्या इंग्रजी लष्करी पुस्तकातलं पान पाठवलंय. त्यात पॉवर नावाचा कुणी लढताना पडला. बंडूचा शोध असा की इंग्रजांनी पवारचं पॉवर केलं, म्हणजे हा आबांचा आज्जा सटवाजी!
"सूनबाई, तुमी इंग्रजीच्या मास्तरीण. मराठीत करून द्या. पाटी लावायची हाय."
हळद शिजायला पडलीय, बारावीची परीक्षा तोंडावर, आणि मी पूर्वजांचं भाषांतर करू.

१३ फेब्रु.
पान वाचलं. पहिल्याच ओळीत: जन्म वॉटरफर्ड, आयर्लंड. बंडूने ती ओळ वाचली नाही, की वाचून गिळली? पॉवर हे अस्सल आयरिश आडनाव. बंडूला फोन केला.
"काकू, तुमच्या लग्नाच्या अल्बमवर पण पॉवरच छापलंय की!"
छापलंय. फोटोवाल्याने पहिल्या ए चा ओ आणि दुसऱ्याचा ई केला. म्हणून मी काय आयर्लंडला सासरी गेले?

१५ फेब्रु.
पुरावे गोळा केले (हौस माझीच). इंग्रजी कादंबऱ्यांत हे आडनाव: एकीत सार्जंट, एकीत गुत्तेवाला, एकीत पाद्री. लष्करी याद्यांत तर ढिगाने. ह्यांना सगळं सांगितलं.
"आबांना तू सांग. तुझं ऐकतात ते."
साफ खोटं. आणि गेले हळदीच्या कुकरपाशी.

१६ फेब्रु.
बंडूने त्या पॉवर साहेबाचा फोटो पाठवला. गोरापान, भुऱ्या मिशा. वाटलं, सुटले. आबा म्हणतात, "मिशा आमच्याच हायत. रंग उडाला आसंल फोटोचा." घरच्या ग्रुपचं नाव आता ‘पॉवर परिवार’. मी बाहेर पडले, दोन मिनिटांत परत घेतलं.

भाकरी थापता थापता सासूबाई जे बोलल्या ते मात्र डोक्यातून जाईना. सटवाजी फौजेत गेला, परत आला नाही. कागद नाही, निरोप नाही. गावाने ठरवून टाकलं, पळाला. शाळेत आबांना ‘पळपुट्याचं नातवंड’ म्हणायचे. आता वय शहाऐंशी.
"त्यायला तेवढं एक पुसून जायचंय," म्हणाल्या.

१८ फेब्रु.
पेंटर पत्रा घेऊन हजर. "म्याडम, मजकूर?" शेवटी चारचौघांतच सांगितलं: आबा, हा वॉटरफर्डचा माणूस आहे.
"हे वाटरफर्ड वारंगा फाट्याच्या अल्याड का पल्याड?" शेजारचे काका. सगळे हसले. मी चिडून म्हटलं, आबा, हा आपला नाही. गोरा आहे, परका आहे.
आबा उठून आत गेले, जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. चारचौघांत बोलायचं काय अडलं होतं? बंडूला फोन लावला आणि सगळा राग त्याच्यावर काढला.

१९ फेब्रु.
सकाळी आबा स्वतःच आले. "पुढचं वाचा. सगळं." बंडूकडून पुढचं पान मागवलं. मराठीत करत मोठ्याने वाचलं. पॉवर कसा पडला, कुठे पुरला, दगडावर नाव कोरलं, आईला पत्र गेलं. शेवटी अर्धी ओळ: त्याच्यासोबत अकरा देशी स्वारही पडले.
"त्यायची नावं?"
नाहीत, आबा.
"पुढच्या पानावर?"
नाहीत.
"मंग त्यात आमचा न्हाई, हे काहून म्हणून राहिल्या तुमी?"
त्या साहेबाचा तर मिशीचा रंगसुद्धा ठाऊक आहे.

२० फेब्रु.
पेंटर ओट्यावर चहा पीत बसलाय. मी कागदावर लिहिलं: ‘लढाईत पडलेल्या अकरा स्वारांपैकी एक सटवाजी पवार असावा.’ आबांनी वाचून घेतलं.
"‘असावा’ काढा. ‘होता’ लिवा."
म्हटलं, आबा, तसं लिहिता येत नाही.
"पळाला म्हणताना गावानं ‘असावा’ म्हणलं होतं का?"
शब्द खोडलाय. त्याच्या जागी अजून काही लिहिलं नाही.